सुलभा देशपांडे स्मरण: शाळेच्या हॉलमध्ये दीड तासाचा कार्यक्रम कसा बसवावा?

नाट्यवर्ग
अभिनेत्री आणि बालनाट्य करणाऱ्या सुलभाताई देशपांडे यांच्यावर शाळेत दीड तासाचा कार्यक्रम करायचा आहे. मुलं 24, पाचवी ते नववीची. हॉल 60 फूट बाय 30 फूट, वर पत्रा, एका टोकाला 3 फूट उंचीचं सिमेंटचं स्टेज. प्रेक्षक म्हणजे मुलं, शिक्षक आणि पालक, सगळे मिळून 150च्या आत.

आत्ताचा आराखडा असा: फोटोला हार, 15 मिनिटं परिचय, तीन भाषणं, मग विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातलं नायिका बेणारेबाईंचं स्वगत (नववीतली मुलगी करेल), शेवटी तेंडुलकरांच्याच बालनाट्यातला एक प्रवेश. तारीख 4 जून, स्मृतिदिनाची.

अडचण अशी की परिचयासाठी जमवलेल्या मजकुरांत ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था, ‘छबिलदास’ची रंगभूमी आणि ‘शांतता’ यांची सालं एकमेकांत गुंतली आहेत. नक्की क्रम काय? स्वगत मुलीला द्यावं का? परवानगी लागते का? आणि या हॉलमध्ये दिव्यांचं काय करावं?

तिसरी घंटा
आधी तारीख बदला. 4 जूनला मुलं गावाला असतात, तालमी कुणाच्या घेणार? 20 मार्च हा जागतिक बालरंगभूमी दिन विषयाला शोभतो, पण शाळा दहावीचं केंद्र असेल तर हॉलभर बाकं लागलेली असतात. 5 नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन, बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. जुलैचा शेवटचा शनिवार धरा. स्मृतिदिन उशिरा पाळला म्हणून कुणी वर्गाबाहेर उभं करत नाही, आणि तालमींना पाच-सहा आठवडे मिळतात.

आता क्रम. जन्म 1937चा, माहेरचं आडनाव कामेरकर. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि शाळेतल्या मुलांना करायला नाटकं हवीत म्हणून विजय तेंडुलकरांना लिहितं केलं गेलं. हा धागा परिचयात पहिला यायला हवा. मुलांचं नाटक त्यांनी उतारवयात हाती घेतलेलं नाही, सुरुवातच तिथून आहे. मग ‘रंगायन’ ही प्रायोगिक नाट्यसंस्था.

‘शांतता’ तेंडुलकरांनी लिहिलं 1963 मध्ये, रंगमंचावर आलं 1967 मध्ये, ‘रंगायन’तर्फे. दिग्दर्शन त्यांचे पती अरविंद देशपांडे यांचं, बेणारे सुलभाताईंची. 1971 मध्ये दोन गोष्टी घडल्या, आणि तुमचा गोंधळ तिथलाच आहे. त्या वर्षी अरविंद, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ काढली. त्याच वर्षी सत्यदेव दुबे यांनी ‘शांतता’वर चित्रपट केला, त्यातही बेणारे सुलभाताईंचीच, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचं. दोन्ही घटना एकाच सालातल्या, म्हणून लोक ‘आविष्कारचं शांतता’ असं लिहून मोकळे होतात. ‘आविष्कार’ची सुरुवात गिरीश कार्नाडांच्या ‘तुघलक’ने झाली.

छबिलदासच्या सभागृहातली समांतर रंगभूमी 1974 पासूनची. म्हणजे त्याच इमारतीत शिक्षिकेची नोकरी आधी, रंगभूमीची चळवळ नंतर. ‘छबिलदास चळवळीत असताना शाळेत शिकवू लागल्या’ असं वाक्य मजकुरात असेल तर ते उलटं करा.

‘चंद्रशाला’ हा ‘आविष्कार’चा मुलांचा विभाग, आणि ‘दुर्गा झाली गौरी’ हे त्यांचं गाजलेलं नृत्यनाट्य. तेंडुलकरांच्या ‘राजाराणीला घाम हवा’वरून सुलभाताईंनी ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा हिंदी बालचित्रपट दिग्दर्शित केला. 1987 मध्ये अरविंद गेले. त्याच सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. 4 जून 2016 रोजी त्या गेल्या.

मुलांना ओळख पटवायची तर ‘इंग्लिश विंग्लिश’मधल्या सासूबाई, एवढं पुरे. चित्रपटांची यादी वाचू नका, पाचव्या नावानंतर मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते.

संहितावाचक
स्वगत नववीतल्या मुलीला देऊ नका. विषय झेपणार नाही हे कारण आहेच: भ्रूणहत्येचा आरोप, विवाहित प्राध्यापकापासून राहिलेला गर्भ, पर्समधली टिक-20 या कीटकनाशकाची बाटली. पण त्याहून मोठं कारण रचनेचं आहे. नाटकातली मंडळी खेळ म्हणून जे अभिरूप न्यायालय भरवतात, त्यात आरोपी बेणारेला बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात. ती बोलते तेव्हा बाकीचे सगळे आहेत तिथे थिजलेले असतात. म्हणजे इतकं सगळं ती बोलते आणि मंचावर कुणालाच ते ऐकू जात नाही. आधीचा खटला कापून नुसतं स्वगत उचललं की ही गोष्टच नाहीशी होते, उरतं ते रडगाणं. स्पर्धांमध्ये हे स्वगत पहिल्या वाक्यापासून हुंदक्यात सुरू झालेलं दिसतं. मग पुढे चढायला जागा राहत नाही, आणि त्यातला उपरोध तर कुणापर्यंत पोचतच नाही.

दोन पर्याय आहेत. पहिला, आणि माझं मत त्याच बाजूला: नाटकाची सुरुवात घ्या. गावातला तो हॉल, गावातला सामंत दार उघडतो, कडीत बेणारेचं बोट चेमटतं, बेणारे आणि सामंत दोघंच. ती शाळेबद्दल, वर्गातल्या मुलांबद्दल, वेळेवर पोचण्याबद्दल भरभरून बोलते. सात-आठ मिनिटांचा तुकडा निघतो, पात्रं दोन, आणि नववीच्या मुलांना नीट जमतो. बाकीची मंडळी यायच्या आधी थांबा. मुख्य म्हणजे यात बेणारे शिक्षिका म्हणून दिसते, आणि ती भूमिका केलेल्या बाई स्वतः वर्गात शिकवत होत्या. निवेदनात एवढं एकच वाक्य ठेवा, तीन भाषणांचं काम ते करतं.

दुसरा पर्याय: स्वगत शाळेतल्या एखाद्या बाईंनी संहिता हातात घेऊन वाचावं. मागे पाच-सहा शिक्षक थिजलेले. थिजायचं म्हणजे हात हवेत ठेवायचा नाही, अर्ध्या मिनिटात तो थरथरायला लागतो आणि प्रेक्षक हाताकडेच बघतात. वजन दोन्ही पायांवर किंवा खुर्चीवर टेकून, हात अंगाला लागलेले, नजर एका खिळ्यावर. पापणी लवली तर लवू द्या. वाचणाऱ्या बाईंना पहिलं पान जवळपास कोरडं वाचायला सांगा. पाचवी-सहावीची मुलं समोर असतील तर मात्र हा पर्याय नको.

विंगेतला
सिमेंटचं स्टेज वापरूच नका. 3 फूट उंच आणि हॉलच्या टोकाला, म्हणजे शेवटची रांग 50 फुटांवर. त्यात जुलैचा पाऊस आणि पत्रा. सर आली की दहाव्या रांगेला मुलांचा आवाज पोचत नाही. माइक टांगलेत तर पत्र्याचा आवाजच मोठा होऊन ऐकू येईल.

छबिलदासचा सगळा जोर जवळिकीवर होता, तेच करा. लांब भिंतीच्या मधोमध, भिंतीला पाठ करून, जमिनीवर 16 बाय 12 फुटांची जागा खडूने आखा. तीन बाजूंनी सतरंज्या, त्यावर 50 मुलं. त्यामागे समोर तीन रांगा आणि दोन्ही कडांना चार-पाच, मिळून 100 खुर्च्या बसतात. रांगेला 3 फूट धरा, म्हणजे समोरच्या रांगांमागे भिंतीलगत जायला-यायला वाट उरते. शेवटचा प्रेक्षकही अभिनयाच्या जागेपासून पंधरा-वीस फुटांच्या आत येतो. तीन बाजूंनी प्रेक्षक म्हटल्यावर मुलांनी ओळीत उभं राहून समोर बघत बोलायची सवय आपोआप मोडते. मात्र पाठ कुणाला तरी दिसणारच, म्हणून कुणीही एका जागी चार वाक्यांपेक्षा जास्त थांबायचं नाही.

दिवे. भाड्याने हॅलोजनचे पार (रंगमंचाचे डबेवजा दिवे) मिळतात, एकेक 1000 वॉटचा. भिंतीवरच्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॉट निघतात, म्हणजे एक पार. दुसरा लावला की ट्रिप. पॉवर सॉकेट 16 अँपिअरचं असेल तर तीन चालतील, पण हॉलचे पंखे त्याच एमसीबीवर (भार वाढला की वीज तोडणाऱ्या खटक्यावर) आहेत का ते आधी बघा. नाहीतर ऐन प्रवेशात अंधारही होतो आणि उकाडाही. त्यापेक्षा एलईडी पार मागा. सहा मिळून 1000 वॉटच्या आसपास जातात. 8-9 फुटांचे दोन स्टँड, दोन्ही समोरच्या कोपऱ्यांत, उजेड 45 अंशांनी खाली. दिवा याहून आडवा धरलात तर उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी, कारण सतरंजीवरची मुलं वायरला पाय लावतातच. रंग बदलू नका. एलईडीचा मोह तिथेच होतो, आणि जांभळ्या उजेडात सगळी मुलं आजारी दिसतात.

आता तालमी. 24 मुलांना 12 तालमी, दीड-दीड तासाच्या. पहिल्या दोन तालमींत संहिता हातात द्यायचीच नाही. गोष्ट सांगायची आणि मुलांना स्वतःच्या शब्दांत करायला लावायची. तिसऱ्या-चौथ्यात वाचन. पाचवीपासून हालचाल आणि वाक्य एकत्र. घरी बसून आधी पाठ केलेलं वाक्य हालचालीला चिकटत नाही, मूल चालताना अडखळतं आणि उभं राहिलं की घडाघडा बोलतं.

सगळ्यात नेहमीची चूक शिक्षकाची असते: ‘हे वाक्य असं म्हण’ म्हणून स्वतः म्हणून दाखवणं. मूल अर्थ घेत नाही, चाल घेतं. मग सगळ्यांचा एकच सूर, शेवटचा शब्द वर उचललेला, वक्तृत्व स्पर्धेसारखा. म्हणून दाखवू नका, विचारा: हे तू कुणाला सांगतोयस, तो ऐकत नसेल तर काय करशील? उत्तर आलं की सूर आपसूक बदलतो.

गर्दीतल्या मुलांना ‘मागे उभे राहा’ सांगितलंत तर तिसऱ्या मिनिटाला ती पालकांना हात करतील. प्रत्येकाला एक काम द्या: कुणी दोरी गुंडाळतंय, कुणी मोजतंय, कुणाला चिमटा बसलाय. दहावी तालीम वेषासकट घ्या, कारण नऊवारीत धावता येत नाही हे आदल्या दिवशी कळून उपयोग नाही. शेवटच्या दोन तालमी पंखे आणि दिवे लावून.

नाट्यवर्ग
आभारी आहे. भाषणं कापली, हार प्रेक्षक यायच्या आधीच घालून ठेवू. नाटकाची सुरुवात करायचं नक्की. परवानगीचं अजून कळलं नाही, आणि पालक व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकणारच.

तिसरी घंटा
तेंडुलकर 19 मे 2008 रोजी गेले. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षं, म्हणजे 2068 संपेपर्यंत. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी सवलत आहे. शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी आणि कर्मचारी यांनी केलेला प्रयोग, प्रेक्षक म्हणजे तीच मंडळी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक, असं असेल तर ते उल्लंघन ठरत नाही. तुमचा कार्यक्रम त्यात बसतो. गावासाठी दारं उघडलीत किंवा तिकीट लावलंत तर मात्र हक्कधारकांची लेखी परवानगी हवी, आणि जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही.

यूट्यूबला ही सवलत लागू नाही. निमंत्रणावरच छापा: चित्रीकरण फक्त शाळा करेल. एक कॅमेरा स्टँडवर, आणि ते चित्रीकरण शाळेच्या कपाटात.

संहितावाचक
प्रॉपर्टीचं, म्हणजे प्रवेशात लागणाऱ्या वस्तूंचं राहिलं. सामंताच्या हातात हिरव्या कापडाचा पोपट आहे, तो शिवून घ्या, वीतभर लांब, आत कापूस. बाजारातला प्लास्टिकचा आणू नका: प्रेक्षक इतक्या जवळ असताना तो ठेवला की टक् असा आवाज होतो. दाराची कडी मात्र खरी, लोखंडी हवी, मोकळ्या चौकटीवर बसवलेली. बोट चेमटतं ती जागा आतून घासून गुळगुळीत करा आणि मुलीला बोट कडीत नाही, कडीच्या मागे धरायला शिकवा.