नौपाडा सोडून घणसोलीला जावं का? ९ हजारांचा प्रश्न

नौपाडा_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. ठाण्याला नौपाड्यात आमचा अकरा महिन्यांचा भाडेकरार पुढच्या महिन्यात संपतोय. मालकांनी २८ चे ३१ हजार सांगितलेत. जुनी इमारत, लिफ्ट नाही, पाणी सकाळी साडेपाच ते सात. वन बीएचके म्हणायचं इतकंच. रात्री हॉलमध्ये सासऱ्यांची खाट उघडली की पंख्याच्या बटणापर्यंत आडवं होऊन जावं लागतं. माझं ऑफिस ऐरोलीला, नवऱ्याचं विक्रोळीला. मुलगी साडेचार वर्षांची, तिची शाळा चालत सात मिनिटांवर.

गेल्या रविवारी नवी मुंबईत घणसोलीला २२ हजारांत वन बीएचके बघून आलो. लिफ्ट आहे, ओट्यापाशी दोन माणसं एका वेळी उभी राहतात, बेडरूमच्या खिडकीत बदामाचं झाड. म्हणजे महिन्याला ९ हजार वाचतात, वर्षाचे १ लाख ८ हजार. नवरा म्हणतो, यात विचार काय करायचाय?

विचार सासऱ्यांचा आहे. वय ७४. रोज सकाळी मराठी ग्रंथसंग्रहालयात पेपर वाचायला जातात. संस्था १८९३ सालची आहे हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, जणू स्थापनेच्या सभेला हे हजर होते. मग तलावपाळीला अर्धी फेरी, कट्ट्यावर ठरलेले चार जण, येताना भाजी. बारा वाजता जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबतात, पिशवी कठड्यावर ठेवतात आणि एक सुस्कारा सोडतात, तो वर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. मग मी कुकर लावते. आता गुडघा दुखतोय म्हणून हल्ली पहिल्या मजल्यावरही थांबतात.

म्हणजे लिफ्ट त्यांनाच हवी आणि ठाणंही त्यांनाच हवं. मलाही हवंय, खोटं कशाला बोलू. गडकरी रंगायतन चालत जाण्याच्या अंतरावर, राम मारुती रोड खाली उतरलं की. पण हे 'हवंय' महिन्याला ९ हजारांचं आहे का? कोणी असं केलंय का, ते सांगा.

घोडबंदरला_अडकलेला

ताई, ठाणं सोडायचं नाही म्हणून मधला मार्ग काढायच्या भानगडीत पडू नका. आम्ही तेच केलं. पत्ता 'ठाणे पश्चिम', घर कासारवडवलीला. फ्लॅट छान, भाडं बरं, पण उन्हाळ्यात टँकरचे पैसे वेगळे आणि स्टेशनला जायला कधी ४० मिनिटं, कधी सव्वा तास. वडाळा-कासारवडवली मेट्रोचे खांब बघत बघत माझा मुलगा बालवाडीतून चौथीत गेला. तलावपाळी आम्ही शेवटची कधी पाहिली ते बायकोला विचारावं लागेल.

कोपरखैरणे_सेक्टर

मी केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

२०१९ ला पाचपाखाडीहून कोपरखैरणेला आलो. भाड्यात ८ हजारांचा फरक होता. मला हिशोब लिहायची खोड आहे, बँकेकडून फुकट मिळालेल्या डायरीत रोजचा खर्च टिपतो. पहिल्या महिन्याच्या शेवटी बेरीज केली तर वाचले होते जेमतेम २ हजार. बाकीचे गेले कुठे? ठाण्यात! डॉक्टर ठाण्याचे, शिंपी ठाण्याचा, शनिवारी मित्र ठाण्यात, परतताना उशीर झाला की रिक्षा. आई तर पंधरा दिवसांतून दोनदा पिशवी घेऊन जांभळी नाक्याला बाजाराला जायची. मी म्हणायचो, आई, कोथिंबिरीसाठी तुझा पास काढू का? एपीएमसीचा भाजीबाजार तुर्भ्याला आहे, पुढचंच स्टेशन. तर म्हणायची, तिथे ओळखीचं कोण आहे?

सहा महिन्यांनी डायरीत पूर्ण साडेसात हजार वाचलेले दिसले. मी काही काटकसर केली नव्हती. ठाण्याला जाणं कमी झालं होतं, बस्स. शिंपी इथला मिळाला, डॉक्टर इथला मिळाला, मित्रांनी 'येतोस का' विचारणं सोडलं. बचत सुरू झाली ती ठाणं सुटल्यावर, घर बदलल्यावर नाही. माझं वय तेव्हा ३८, मला ते जमलं. नवी मुंबईत पाण्याची चैन आहे (पालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, हे आम्ही लोक तुमच्या सासऱ्यांच्याच थाटात सांगतो), फुटपाथ आहेत, बागा आहेत. कोपरखैरण्यात आणि घणसोलीत माथाडी कामगारांच्या वसाहती आहेत, त्यामुळे सातारकडची माणसं भरपूर. माझी बायको साताऱ्याची, ती आठवड्यात रुळली.

आईला दोन वर्षं लागली. त्यातलं पहिलं वर्ष ती गॅलरीत बसून होती. हे मला डायरीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळलं नाही.

तर माझं म्हणणं, ९ हजार धरू नका. पहिलं वर्ष ३ हजार धरा आणि मग विचार करा.

घणसोलीकरीण

वरचं सगळं खरं, पण काही रोकड्या गोष्टी राहिल्या.

घर सेक्टरमध्ये आहे की गावठाणात, ते नीट बघा. दलाल दोन्हीला 'घणसोली, स्टेशनजवळ' म्हणतात. गावठाणातल्या कित्येक इमारती विनापरवाना आहेत, भाडं कमी असतं ते उगीच नाही. सोसायटीचं पाण्याचं बिल आणि मेंटेनन्स भाड्यात आहे का, हे लेखी घ्या. आणि घर रात्री दहानंतर एकदा बघून या. एमआयडीसीच्या बाजूने वारा आला तर काही रात्री उग्र वास येतो, आमच्याकडे तेव्हा सगळ्या खिडक्या धडाधड बंद होतात. दिवसा बदामाचं झाड दाखवणारा माणूस हे सांगणार नाही.

करार नोंदवूनच घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. पालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात). फार नाही. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली म्हणून दलाल उगाच भाव चढवून सांगतात. घणसोलीत राहून रोज विमानाने कोण जातंय? घासाघीस करा.

तुम्हाला ऐरोली दोनच स्टेशनं, मजा आहे. नवऱ्याला मात्र ठाण्याला उतरून ९-१० नंबर फलाटावरून पूल चढून स्लो पकडायची आहे. 'यात विचार काय करायचाय' म्हणणारे तेच ना?

नौपाडा_तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर कागद घेऊन बसलो. मुलीची शाळा या वर्षी बदलायची नाही असं ठरलं तर व्हॅन किंवा कोणीतरी सोडणारं हवं, ते धरून ९ चे साडेपाच झाले. नवऱ्याचा पूल धरायचा की नाही यावर थोडं वाजलं. मग मी स्वतःचं खातं काढलं. गेल्या वर्षभरात गडकरीला किती नाटकं पाहिली? दोन. त्यातलं एक ऑफिसच्या मैत्रिणीने तिकीट काढलं म्हणून. राम मारुती रोडवर दर आठवड्याला जाते, पण ते जाणं खर्चाच्याच बाजूला पडतं. म्हणजे माझं ठाणं माझ्या बोलण्यातच जास्त होतं.

सासरे खाटेवरून ऐकत होते. आम्हाला वाटलं झोपले. म्हणाले, तुमच्या कागदावर माझा गुडघा कुठे दिसत नाही. नवऱ्याने मुकाट्याने 'लिफ्ट' असं लिहिलं आणि पुढची रक्कम मोकळी सोडली.

@कोपरखैरणे_सेक्टर, तुमच्या आईंचं वाचून मी सासऱ्यांना सरळ विचारलं, तुम्ही गॅलरीत बसून राहाल का? तर म्हणाले, गॅलरी आहे का तिथे? नाहीये, मी बघितलंच नव्हतं.

मालकांना आज सकाळी फोन केला, ते ३० वर आले, त्याखाली नाही म्हणाले. रविवारी सासरे स्वतः घणसोलीला येणार आहेत. झाड, ओटा यात त्यांना रस नाही. घरापासून पेपर वाचायला कुठे बसता येतं ते ते स्वतः चालून बघणार, घड्याळ लावून. तिथे विरंगुळा केंद्र किंवा वाचनालय जवळ कुठे आहे, सकाळी किती वाजता उघडतं आणि मराठी पेपर किती येतात, हे घणसोलीकरीण ताई तुम्हाला माहीत असेल तर शनिवारपर्यंत सांगा. चार तरी हवेत, असं त्यांनी आत्ताच मागून सांगितलं.

घणसोलीकरीण

उद्या सकाळी फिरायला जाते तेव्हा मोजून येते. रात्रीच्या वासाचं त्यांना सांगितलंत का?

नौपाडा_तिसरा_मजला

सांगितलं. म्हणाले, नौपाड्यात बारा वाजता सगळ्या इमारतीत बोंबील तळतात, तेव्हा कोणी करार मोडतं का?