परवाना, पतंग की फुलपाखरू?

बोरूबहाद्दर : फारसी कवी सादीच्या 'बुस्तान'मधल्या (1257) काही गोष्टी हौस म्हणून मराठीत आणतोय. चित्रं भाची काढतेय. एका गोष्टीत रात्री परवाना, म्हणजे ज्योतीवर झेपावणारा किडा, शमेशी बोलतो. मी 'पतंग' लिहिलं. भाचीचा फोन : "मामा, मांज्यासकट काढू का?" म्हणून 'परवाना' केलं, तर घरातून विचारणा : "कसला, दुकानाचा?" मग भाचीने मूळ फारसी शब्दच नेटवर शोधला आणि केशरी फुलपाखरू काढून पाठवलं. शब्द सुचवा.

कोशकीटक : भाचीला रागावू नका. आजच्या फारसीत 'परवाने' म्हणजे फुलपाखरूच, रात्री उडणाऱ्याला 'शबपरे' म्हणतात. जुन्या कवितेत ज्योतीवर झेपावतो तो मात्र पतंगच. आणि दुकानाच्या परवान्याची शंकाही रास्त आहे, कारण फारसीत हुकूमनाम्यालाही हाच शब्द. तेराव्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्याच्या सेल्जुक सुलतानांच्या दरबारातला बडा अधिकारी मुईनुद्दीन सुलेमान इतिहासात 'परवाना' याच हुद्द्याने ओळखला जातो. तो कोन्यातच राहणाऱ्या कवी रूमीचा चाहता! म्हणजे एकाच गावात एक परवाना कवितेत जळत होता आणि दुसरा शिक्के मारत होता. मराठीत शिक्केवालाच रुजला. 'परवानगी' त्याच घरातली.

निळीशाई : मी 'पतंग'च्या बाजूने. संक्रांत आठवते, पण एका ओळीपुरती. माझी अडचण वेगळी आहे. गीतेतले पतंग (11.29) आगीत शिरतात ते नाशासाठी. फारसी कवी अत्तारच्या पक्ष्यांच्या काव्यात तीन पतंग ज्योतीची खबर आणायला जातात आणि जो जळून जातो त्यालाच ती कळलेली असते. आपल्याकडे 'पतंगासारखी झडप' म्हटलं की वाचक वेडेपणा समजतो, तिकडे ते ज्ञान आहे. हे शब्दातून येणार नाही, चित्रातूनच यायला हवं.

चित्राबद्दल एक आगाऊ सल्ला. चित्रकार द्युलाकची 1909 ची उमर खय्यामच्या रुबायांची चित्रं भाचीने पाहिली असतीलच, ती गडद निळी रात्र वगैरे. सुंदर आहे, पण ती युरोपची रात्र. इराणी लघुचित्रात रात्रीही सगळं लख्ख दिसतं, गालिच्याची नक्षीसुद्धा. रात्र आहे हे मेणबत्ती, मशाल, चांदण्या यांवरून ओळखायचं. तिथे पतंग अंधारात हरवत नाही.

बोरूबहाद्दर : हे मला सुचलंच नव्हतं. पतंग पक्का. आता शमा. मी 'ज्योत' ठेवलंय, 'मेणबत्ती' म्हटलं की वीज गेल्यासारखं वाटतं.

कोशकीटक : नका हो! ज्योत केलीत तर गोष्टच विझेल. पतंग विचारतो, मी प्रेमिक, मी जळणं ठीक, तू का रडतेस? शमा सांगते, माझा मध माझ्यापासून दुरावला. मेण आणि मध एकाच पोळ्यातले, म्हणून हा विरह. दिव्याला, समईला, ज्योतीला मध कुठला? वीज गेली तरी चालेल, मेणबत्तीच ठेवा.

निळीशाई : समई शमावरूनच आली ना?

कोशकीटक : फारसीत 'शमई' म्हणजे शमेचं, शमेसारखं. रूप जुळतं खरं, पण नुसतं रूप जुळल्यावर मी सोयरीक करत नाही.

बोरूबहाद्दर : मेणबत्ती केली. भाचीने तिच्या बुडाशी पोळ्याची फिकट षट्कोनी जाळी काढलीय, नीट पाहिलं तरच दिसते. एक राहिलं : शमा मधाला 'यार-ए-शीरीन' म्हणते. 'गोड सखा' लिहू?

कोशकीटक : पुढच्याच ओळीत शीरीनचा प्रेमिक फरहाद येतो, म्हणून शीरीन हे नावही ऐकू यायला हवं. 'गोड सखा'त ते मरतं. 'शिरणी वाटली' म्हणणाऱ्या भाषेला 'शीरीन' जड जाणार नाही. तसंच ठेवा.

बोरूबहाद्दर : घरात विचारलं. शिरणी कळली, फरहाद कोण ते समजावतोय.