ज्यू टाउनला अर्धा तास पुरेल का?

शाल्मली (सी ६०३): मंडळी, एक विचारायचं होतं. आम्ही डिसेंबरात कोचीला चाललोय. आई-बाबा आणि इरा सोबत आहेत. टूरवाल्याने दिलेल्या कागदावर मट्टांचेरीच्या ज्यू टाउनसाठी शनिवारी दुपारी अर्धा तास ठेवलाय. तेवढा पुरतो का? कुणी जाऊन आलंय?

अविनाशकाका (ए २०१): पुरेल. नाही गेलात तरी चालेल. आम्ही गेलो तो शनिवारच होता, सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, कुलूप. बाकी सगळी गल्ली म्हणजे मसाल्यांची आणि जुन्या वस्तूंची दुकानं. रिक्षावाल्याने आधी दोन दुकानांत फिरवलं, त्यात तासभर गेला. त्यापेक्षा फोर्ट कोचीला मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी निवांत बसा.

वैशालीताई (बी ४०४): शाल्मली, शनिवारी अजिबात जाऊ नकोस. शनिवार म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र वार, सिनेगॉग बंदच असतं. शुक्रवारी दुपारनंतरही बंद. आणि शेजारचा डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो. दोन्ही बघायचं तर रविवार ते गुरुवार. त्यांचे सण असले तरी बंद, ते आधी विचारून घे. बाकीचं रात्री लिहिते, आत्ता डबे भरतेय.

किशोर (सेक्रेटरी): उद्या सकाळी १० ते १ पाणी बंद राहील, टाकी साफ करायची आहे. कृपया भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

वैशालीताई (बी ४०४): आता बसले लिहायला. मोठं होईल, पण मला हे सांगायचंच आहे.

अविनाशकाका, दुकानांचं तुम्ही म्हणता ते खरंय. पण त्या दुकानांच्या वर बघायचं. खिडक्यांच्या लोखंडी जाळीत सहा टोकांची चांदणी दिसते. ती ज्यूंची घरं होती. आणि मसाला तिथे पर्यटकांसाठी आलेला नाही. मिरीचा व्यापार हाच त्या गल्लीचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. आम्ही गेलो तेव्हा एका वखारीच्या दारात सुंठीची पोती उतरवत होते, सगळ्या रस्त्याला तो वास होता.

गल्लीच्या टोकाला परदेशी सिनेगॉग. १५६८ मध्ये बांधलेलं. १४९२ ला स्पेनने ज्यूंना हाकललं, मागोमाग पोर्तुगालमध्येही त्यांना थारा उरला नाही. त्यातले काही इथवर पोचले. ‘परदेशी’ हे नाव त्यांचंच. कोचीच्या राजाने त्यांना जागा दिली ती स्वतःच्या राजवाड्याला लागून. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी सिनेगॉगची नासधूस केली, पुढच्या वर्षी डच आले आणि ते पुन्हा उभं राहिलं. पण ज्यू मलबारात त्याच्या कितीतरी आधीपासून होते. सुमारे इ. स. १००० मध्ये राजा भास्कर रविवर्माने जोसेफ रब्बान नावाच्या त्यांच्या पुढाऱ्याला ताम्रपट दिला. त्यात ७२ हक्क आहेत. पालखी, छत्री, दिवसा दिवा लावून चालणं, असे मानाचे हक्क. जगात बाकी ठिकाणी त्यांच्या वाट्याला काय आलं ते आठवून हा ताम्रपट वाचला की भरून येतं.

आत चप्पल काढून जायचं. त्यामुळे पहिली ओळख तळपायाला होते, थंडगार फरशी. चीनहून आणलेल्या पांढऱ्या फरश्या, त्यावर निळ्या रंगात हाताने काढलेलं चित्र. वरवर सगळ्या सारख्या. मी बाकावर बसून समोरची एकच ओळ बघत राहिले. एकीवर फांदी जास्त झुकलीय, दुसरीवर रंग जरा ओघळलाय, तिसरीवर हात हलका पडलाय. अर्ध्या तासात माझी ती एक ओळ झाली. वर काचेची झुंबरं आहेत, त्यांचे फोटो सगळे काढतात. फरशी मात्र खाली वाकल्याशिवाय दिसत नाही.

या फरश्या आणणारा एझकिएल राहबी हा डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी काम करणारा मोठा ज्यू व्यापारी. बाहेरचा घड्याळाचा मनोराही त्याचाच, १७६० चा. एका तबकडीवर हिब्रू आकडे, एकीवर रोमन, एकीवर मल्याळम. ज्याला जे वाचता येतं त्याने त्यात वेळ बघावी.

एक गोष्ट मला बोचली, तीही सांगते. याच सिनेगॉगमध्ये गुलामीतून मुक्त झालेल्यांच्या वंशजांना बरोबरीने बसू देत नसत. त्यांच्यातलेच ए. बी. सालेम वकील झाले, कोचीन संस्थानच्या कायदेमंडळात गेले आणि या भेदाविरुद्ध त्यांनी सत्याग्रह केला. लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणायचे. मुलांना झुंबरं दाखवाल तेव्हा हेही सांगा.

शाल्मली (सी ६०३): ताई, किती छान लिहिलंत. तिथे आता कुणी ज्यू राहतात का?

वैशालीताई (बी ४०४): जवळजवळ नाहीतच. १९४८ नंतर केरळातले बहुतेक सगळे हळूहळू इस्राएलला गेले. सारा कोहेन म्हणून एक आजी होत्या, त्यांचं भरतकामाचं दुकान होतं. २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी वारल्या. शेवटची कितीतरी वर्षं ताहा इब्राहिम यांनी त्यांचं केलं. ते मुसलमान, लहानपणी त्याच गल्लीत पोस्टकार्डं विकायचे. आजींच्या मागे दुकान त्यांनीच जपलंय. तिथे जरूर जा, काही घेतलं नाहीस तरी.

रोहन (सी १०४): तिथे आणखी सिनेगॉग आहेत ना?

वैशालीताई (बी ४०४): होती. मट्टांचेरीतलंच कडवुंभागम नावाचं सिनेगॉग पडीक होतं, २०१९ च्या पावसात त्याचा भाग कोसळला. आतलं कोरीव लाकूडकाम आधीच जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये गेलं होतं, म्हणून वाचलं.

पेणकर काका (बी १०२): वैशाली, तुझं लिखाण मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोलतोय, तो टाइप करतोय.

कोचीच्या ज्यूंचं आम्हा बेने इस्राएलांवर, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंवर, ऋण आहे. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले असं आम्ही सांगतो. कोकणात घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. शब्बाथ राहिला, सुंता राहिली, ‘शेमा’ची प्रार्थना राहिली, बाकीचं बरंच विसरलो होतो. ते पुन्हा शिकवायला कोचीहून माणसं आली.

मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. ते इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेतून सुटले तेव्हा त्यांनी बांधलं अशी आमच्यात आठवण आहे. आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणायचो, आणि मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं आमची म्हातारी माणसं सांगत. सिनेगॉग झालं, पण आत ठेवायला हस्तलिखित तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, हवी. ती आणायला दिवेकर कोचीला गेले आणि तिकडेच वारले, असं मी वडिलांकडून ऐकलंय. मला तिकडे जायचं होतं. आता गुडघे साथ देत नाहीत.

अविनाशकाका (ए २०१): पेणकर, आपण इतकी वर्षं रोज सकाळी एकत्र चालायचो. हे मला माहीत नव्हतं. आणि मी तिथल्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

पेणकर काका (बी १०२): कुलूप होतं ते बरोबरच होतं, शब्बाथ होता. अविनाश, तुम्ही आधी आपल्या ठाण्यातलं बघा. शार हाशमाइम, १८७९ चं. मी नेतो तुम्हाला. रिक्षाने जाऊ.

अविनाशकाका (ए २०१): येतो. तुम्ही वार सांगा.

शाल्मली (सी ६०३): काका, टूरवाल्याशी आत्ताच बोलले. शनिवार बदलून रविवार सकाळ घेतली आणि दुपारचं जेवणही मट्टांचेरीतच ठेवलंय, घाई नको म्हणून. तुमच्यासाठी काय आणू?

पेणकर काका (बी १०२): आणू काही नकोस. केरळच्या सिनेगॉगमध्ये तोरा वाचायचे ओटे दोन असतात. एक खाली मधोमध, पितळी कठड्याचा, आणि दुसरा वर माडीवर. वरचा ओटा आमच्याकडे नसतो. तिथला माणूस परवानगी देत असेल तरच त्याचा फोटो काढ. नाही म्हणाला तर नीट बघून ये आणि मला सांग.

शाल्मली (सी ६०३): इराला चित्र काढायला लावते काका. वहीत. त्याला कुणी नाही म्हणणार नाही.

पेणकर काका (बी १०२): चालेल. आणि वैशालीची ती फरश्यांची ओळ पण काढायला सांग.