मोडीत आलेलं नौदलाचं पदक: रडारवाल्याला मिळू शकतं का?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा)
आमच्या आजोबांचं मांडवीपाशी चांदीचं दुकान होतं. मोडीत आलेलं एक गोल पदक त्यांनी आटवलं नाही, डबीत जपून ठेवलं. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसरीकडे मुकुट आणि ‘फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस’. फीत निळी-पांढरी-निळी, पांढऱ्याच्या मधोमध बारीक निळी रेघ. कडेवर इंग्रज नाव आणि नंबर. सोबतच्या कागदाला कसर लागलीय, ‘रडार ऑपरेटर’ एवढंच उरलंय. भाऊ म्हणतो, बंद खोलीत बसणाऱ्याला कसलं शौर्यपदक? मला ते पटत नाही. कुणी सांगाल का?

उत्तर (कारेलीबाग)
ताई, मी भारतीय नौदलात आरपी होतो, म्हणजे रडार प्लॉटर. वर्णनावरून हे डीएसएम, म्हणजे ब्रिटिश नौदलाचं ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ दिसतंय. १९१४ साली सुरू झालं, १९९३ साली बंद झालं. हे अधिकाऱ्यांना नव्हतं, खालच्या हुद्द्यांच्या खलाशांसाठी होतं.

आता भावाला २६ डिसेंबर १९४३ ची गोष्ट सांगा. नॉर्वेच्या उत्तरेला, त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. वादळी समुद्र. सकाळच्या चकमकीत जर्मनांच्या ‘शार्नहोर्स्ट’ या युद्धनौकेचं पुढचं रडार गोळ्याने निकामी झालं. दुपारी ४ वाजून १७ मिनिटांनी ब्रिटिश युद्धनौका ‘ड्यूक ऑफ यॉर्क’च्या रडारवर ती सापडली, ४५,५०० यार्डांवर, म्हणजे ४१ किलोमीटरहून जास्त. इतक्या लांबचं, त्या काळोखात, डोळ्याला काय दिसणार? संध्याकाळी शार्नहोर्स्ट बुडाली. १,९६८ पैकी ३६ माणसं वाचली.

खवळलेल्या समुद्रात स्कोपवर, म्हणजे रडारच्या पडद्यावर, लाटांचेच ठिपके भरतात. त्यातून जहाजाचा ठिपका वेगळा काढायचा आणि हातचा जाऊ द्यायचा नाही. वर तोफा सुटतात, जहाज हादरतं, बाहेर काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. तरी आवाज न चढवता दिशा आणि अंतर सांगत राहायचं. आकडा चुकला की गोळे पाण्यात. मी शांततेच्या काळात बसायचो, तरी पाळी संपल्यावर बोटं आखडलेली असायची. खुर्ची न सोडणं हेच तिथलं शौर्य, ताई.

उत्तर (रावपुरा)
पदक रांगोळीने घासू नका, अक्षरं झिजतात. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच डीएसएमवर जहाजाचं नाव नसतं, म्हणून नाव आणि नंबर घेऊन ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारच्या राजपत्राचे जुने अंक शोधा. ते इंटरनेटवर फुकट पाहता येतात.

प्रश्नकर्ती
काका, तुमचं उत्तर मी भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण भिंग त्यानेच शोधून आणलं. नंबर पूर्ण लागलाय. आडनावाचं शेवटचं अक्षर पुसट आहे, ते सकाळच्या उन्हात गच्चीवर बघू. विकायचं नाहीच. त्या माणसाचं कुणी सापडलं तर त्यांच्याकडे पाठवायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.