मदत हवी आहे: लग्नानंतर आडनाव बदलायचंय, आधार केंद्रातून दोनदा परत पाठवलं

संत्रागोळी
नमस्कार. फेब्रुवारीत लग्न झालं. आधारवर नवऱ्याचं आडनाव लावायचंय. दोनदा गेली, दोन्ही वेळा "हा कागद चालत नाही" म्हणून परत. दुसऱ्या वेळी तर अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती. १ तारखेला नागपूरच्या मिहान प्रकल्पात नवीन नोकरीवर रुजू व्हायचंय आणि एचआर म्हणते आधार, पॅन, बँक सगळीकडे एकच नाव पाहिजे. सगळे कागद आहेत माझ्याजवळ. काय करू? प्लीज लवकर सांगा.

झिरोमाईल
"सगळे कागद" म्हणजे कोणते? लग्नपत्रिका, की मनपाचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र?

तर्रीपोहा
ताई, सरळ गॅझेट करा. माझ्या बहिणीचं केलं. ऑनलाइन अर्ज, राजपत्रात नाव छापून आलं की त्या एका पानावर बँकेपासून सगळी कामं होतात. बाकी डोकं लावू नका.

निवृत्त_बाबू
प्रत्येकाला गॅझेट सांगू नका हो. लग्नानंतर नुसतं आडनाव बदलायचं असेल तर विवाह प्रमाणपत्र पुरते. लोक आधी गॅझेट करतात, मग विचारतात याची गरज होती का.

संत्रागोळी
मनपाचंच आहे. झोन ऑफिसमधून काढलं, तीन साक्षीदार घेऊन गेलो होतो. त्यातला एक वेळेवर आलाच नाही तो किस्सा वेगळा.

वर्धारोडवाली
मुळात बदलता काऊन? कायद्यात कुठेच सक्ती नाही. माझ्या लग्नाला १४ वर्षं झाली, सगळीकडे माहेरचंच नाव आहे. विवाह प्रमाणपत्राचा फोटो फोनमध्ये ठेवला आहे, कोणी विचारलं की दाखवते.

मनोहरकाका
उद्या मुलं शाळेत गेली की आईचं आडनाव वेगळं म्हणून अडचण येते. आमच्या काळी हे प्रश्नच नव्हते.

वर्धारोडवाली
काका, दोन आहेत ना मुलं, दोघंही शाळेत जाऊन राहिले. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी, मग वडिलांचं, मग आडनाव.

तर्रीपोहा
ते आईच्या नावाबद्दल आहे, आडनावाबद्दल नाही. विषय कुठे चालला.

सदरवाला
पासपोर्टवर नाव खोडून दुरुस्त होत नाही हे लक्षात ठेवा. रीइश्यूचा अर्ज करावा लागतो, ३६ पानांच्या पुस्तिकेला साधी फी १५०० रुपये.

संत्रागोळी
माझ्याजवळ पासपोर्टच नाही.

झिरोमाईल
ताई, नाव इथे लिहू नका, फक्त एक सांगा. अर्जावर जुन्या नावातला कोणता कोणता भाग बदलला? आपली नावं तीन भागांची.

संत्रागोळी
मधलं तर बदलणारच ना, वडिलांच्या जागी नवऱ्याचं. आणि पहिलं. लग्नात यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहिलं, तेच टाकलं. (ताट कोणाचा तरी धक्का लागून हललं आणि शेवटची वेलांटीच पुसली गेली, पुन्हा लिहावं लागलं.) सासरी सगळे त्याच नावानं हाक मारतात.

झिरोमाईल
घ्या! अन् हे आत्ता सांगून राहिल्या.

निवृत्त_बाबू
इथेच घोळ आहे. मनपाच्या प्रमाणपत्रावर वधूचं नाव लग्नाआधीचं असते. आडनावाचा धागा त्यातून जुळतो, कारण नवऱ्याचं पूर्ण नाव बाजूलाच आहे. पण तुमच्या नवीन पहिल्या नावाचा त्यात पत्ताच नाही. केंद्रवाल्याच्या लेखी अर्जातली बाई तिसरीच कोणी आहे. पहिलं नाव बदलायचं तर राजपत्र लागेल.

तर्रीपोहा
मी पहिल्याच उत्तरात गॅझेट म्हणालो होतो.

निवृत्त_बाबू
तुम्ही रोग न पाहता औषध दिलं होतं. आणि ताई, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. घाईत एक संधी घालवू नका.

कोर्टासमोर
५०० च्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करून घ्या, काम होऊन जाईल. व्यक्तिगत संदेश करा.

निवृत्त_बाबू
कशाला फसवता? शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. १०० चे ५०० झाले ते दुसऱ्या दस्तांसाठी.

कोर्टासमोर
साहेब, तुम्ही काउंटरवर जाऊन सांगून पाहा हे.

सदरवाला
डिग्रीच्या कागदांना हात लावू नका. जात प्रमाणपत्र असेल तर तेही माहेरच्याच नावानं राहते, जात सहसा वडिलांकडून धरतात.

वर्धारोडवाली
मला एक कळत नाही. एचआर म्हणते "सगळीकडे एकच नाव". नवीन नाव पाहिजे असं कुठे म्हणाली? तुमचं जुनं नाव आधार, पॅन, बँकेत सारखं आहे का?

संत्रागोळी
हो. अक्षर न् अक्षर सारखं आहे.

वर्धारोडवाली
मग १ तारखेला जुन्याच नावानं रुजू व्हा ना बाप्पा! पीएफसुद्धा आधारच्या नावाशी जुळवतात. आत्ता अर्धवट बदललं तर आधारवर एक, पॅनवर दुसरं, अन् पगाराच्या खात्यावर तिसरं.

झिरोमाईल
हे बरोबर. नंतर बदलायचंच असेल तर आधी आधार, मग पॅन, मग बँक. पॅनचा नंबर तोच राहतो, फक्त नवीन कार्ड येते, १०७ रुपये.

मनोहरकाका
पण सासरच्यांना काय वाटेल?

संत्रागोळी
एचआरला फोन केला. जुनं नाव चालते म्हणाली, "तुम्हीच बदलणार म्हणाल्या होत्या." रात्री भीतभीत सासूबाईंना सांगितलं. त्या कणीक मळत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "अवं, ते नाव घरातलं. सरकारले काऊन सांगायला गेली होती तू?" आडनावाचं दिवाळीनंतर पाहू. सगळ्यांचे आभार.

तर्रीपोहा
आडनावासोबत पहिलं पण बदलायचं ठरलं तर गॅझेटच करा.