सोसायटी ग्रुप: घरातल्या मांजराने दिवसभर करायचं काय?

[सकाळी 5:04] नंदा काकू 1003: कोणी जागं आहे का. वर परत सुरू झालंय. धपकन उडी, मग हॉल ते किचन धावाधाव, मग ते काहीतरी घरंगळत जातं बरोब्बर आमच्या बेडरूमवरून. ह्यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून झोप आधीच कमी. मागच्या मीटिंगला पण बोलले होते, मिनिट्समध्ये आलं नाही ते सोडा.

[5:41] प्रकाश काका 304: सुप्रभात 🙏 मी पहिल्यापासून सांगतोय, मांजर खाली सोडा. चाळीत होती ना एवढी, कोणाच्या डोक्यावर नाचली का?

[6:20] अनघा 1103: काकू मनापासून सॉरी. सुरमईच आहे, बाटलीचं झाकण मारत फिरते. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसला, ती एकटी वन बीएचकेत झोपून काढते आणि पहाटे तिचा दिवस उजाडतो. झाकणं लपवली तर तिने स्टँडमधून चमचा ओढून काढला आणि त्याच्याशी खेळत बसली. मला खरंच कळत नाहीये काय करू. कोणाला माहीत असेल तर सांगा, पण खाली सोडा हे प्लीज नको.

[6:24] नंदा काकू 1003: चमचा होता होय. मला वाटलं तू पहाटे भांडी लावतेस.

[6:31] प्रकाश काका 304: खाली सोडा. मीटर रूममध्ये घुशी झाल्यात त्यापण जातील.

[6:33] सेक्रेटरी 501: घुशींबाबत वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला आहे. सदर विषय वेगळा घ्यावा ही नम्र विनंती.

[6:35] प्रकाश काका 304: मांजर आणि घुशी वेगळा विषय कसा काय?

[7:12] डॉ. मेघना 702: क्लिनिकला निघायच्या आधी घाईत लिहितेय. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणारं जनावर आहे, 24 तासांतले 12 ते 16 तास झोपतं आणि नेमकं आपण झोपेत असतो तेव्हा त्याचे हातपाय शिवशिवतात. घरात शिकारीला काही नाही म्हणून सुरमई चमच्याची शिकार करते, यात तिचा मस्तीखोरपणा वगैरे काही नाही. अनघा, रात्री झोपण्याआधी रोज 10-15 मिनिटं काठीला पिसं बांधून खेळव तिला. पिसं तिच्या तोंडासमोर नाचवायची नाहीत, कुठला उंदीर मांजराच्या तोंडाकडे धावत येतो? सोफ्याच्या मागून अर्धं पीस दाखवायचं, थांबायचं, परत सरकवायचं. ती दबा धरेल, बूड हलवेल, मग झेप. शेवटी पकडू दे तिला, नीट चावू दे, आणि लगेच रात्रीचं जेवण घाल. पकडायचं, खायचं, अंग चाटायचं, झोपायचं हा त्यांचा क्रम आहे. तो रात्री पुरा झाला तर पहाटेचा धिंगाणा हळूहळू कमी होतो. एका रात्रीत नाही होणार, नंदा काकू थोडी कळ काढा.

[7:15] नंदा काकू 1003: कळच काढतेय.

[7:19] रोहन 601: मेघना ताई माझ्याकडे लेझर आहे, मांजरं वेडी होतात त्याच्यामागे, मी देऊ का

[7:22] डॉ. मेघना 702: दे, पण जपून. त्या ठिपक्याला पकडता येत नाही, मग काही मांजरं चिडचिडी होतात, नंतर भिंतीवरची प्रत्येक तिरीप शोधत बसतात. शेवटचा ठिपका खाऊवर नेऊन थांबवायचा म्हणजे हाताला काहीतरी लागतं. आणि डोळ्यात अजिबात नाही मारायचा.

[7:40] शुभदा 1104: खाऊचा विषय निघालाच आहे तर बोलते. श्रावण चालू आहे, लिफ्टमध्ये काल सुकटीचा वास. प्राणिप्रेम मान्य आहे, पण इतरांचाही विचार व्हावा.

[7:43] अनघा 1103: शुभदा ताई ते आम्ही नाही. सुरमई कोरडं खाणं खाते.

[7:51] दीपक 805: सुकट माझी. आमच्याकडे श्रावण पाळत नाहीत, आणि पिशवीला गाठ मारलेली होती.

[7:52] दीपक 805: बाकी सुरमई नावाच्या मांजरीला श्रावण पाळायला लावणं म्हणजे अतीच 😄

[7:54] शुभदा 1104: नावाबद्दल मी बोललेच नाही. विषयांतर नको.

[7:58] डॉ. मेघना 702: सुकटीत मीठ फार, मांजराला रोज घालू नका, आणि दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. बाकी कोरडं खाणं वाटीत ओतून देऊ नकोस अनघा. पुठ्ठ्याचा अंड्यांचा ट्रे घे, एकेका खळग्यात दोन-दोन दाणे टाक, वर कागदाचे बोळे ठेव. बोळा काढायचा, पंजा घालायचा, दाणा उचलायचा, अर्धा तास जातो. ऑफिसला निघताना हे ठेवून जा. दिवसभरात ती थोडी तरी जागी राहील.

[8:05] प्रकाश काका 304: एवढं सगळं करण्यापेक्षा खाली सोडली तर स्वतः शोधून खाईल.

[8:11] सेक्रेटरी 501: प्रकाशजी, पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा ठिकाणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. तसंच जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना आहेत, त्या कुत्र्यांबाबत आहेत, पण पाळायला सरसकट बंदी करता येत नाही हा मुद्दा त्यात स्पष्ट आहे. कमिटीवर कृपया दबाव आणू नये.

[8:13] प्रकाश काका 304: दबाव कोणी आणला? मी माझं मत मांडलं. पार्किंगच्या वेळी पण असंच केलं होतंत.

[8:14] सेक्रेटरी 501: पार्किंगचा विषय एजीएममध्ये संपला आहे.

[8:15] प्रकाश काका 304: तुमच्यासाठी संपला.

[8:30] आप्पा 102: चाळीतली मांजरं कोणाचीच नव्हती म्हणून सगळ्यांची होती, ते दिवस वेगळे प्रकाश. खाली आता गाड्या किती येतात बघतोस ना. अनघा बाळ, पावसात कंपाउंडच्या कडेला खोकली उगवते, काहीजण कुप्पी म्हणतात. ती मुळासकट उपटली की मांजर त्या मुळाला अंग घासतं, लोळतं, लाळ गाळतं. आमची आई खोकल्याला पाला वापरायची आणि मांजर मुळं पळवायची.

[8:34] रोहन 601: आप्पा हे खरंय??

[8:41] डॉ. मेघना 702: शंभर टक्के खरंय. बाहेरून मागवतात ते कॅटनिप पुदिन्याच्या कुळातलं, खोकली एरंडाच्या कुळातली, पण मांजरावर परिणाम तसाच. फक्त हुंगायला आणि घासायला द्या, मूठभर खाऊ देऊ नका, आणि जिथे पेस्ट कंट्रोलवाला फवारतो तिथली नको. सगळ्यांवर चालत नाही, लहान पिल्लांवर तर नाहीच.

[9:20] अनघा 1103: हे सगळं आजपासून करते. एकच भीती, ती खिडकीत बसायला धडपडते. खाली रस्ता, बस, कावळे, सगळं तिला बघायचं असतं, म्हणून मी खिडकी बंदच ठेवते.

[9:26] डॉ. मेघना 702: खिडकी हाच तिचा टीव्ही आहे गं, तो बंद करू नकोस, पण जाळीशिवाय उघडू पण नकोस. 1987 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी इमारतींवरून पडून उपचाराला आलेल्या 132 मांजरांची नोंद छापली होती, त्यातली 90 टक्के वाचली. तो आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात. पण जी जागीच गेली ती दवाखान्यापर्यंत आलीच नव्हती. वाचलेल्यांचेही जबडे, पाय, फुप्फुसं फुटलेली असतात. आपण अकराव्या मजल्याबद्दल बोलतोय. कबुतरांची नायलॉन जाळी मांजर कुरतडतं, बारीक तारेची बसव, आणि आत फळी लाव तिला बसायला.

[9:31] दीपक 805: कबुतरांचं नाव निघालंय तर, आमच्या एसीवर घाण कोणामुळे पडते ते सगळ्यांना माहीत आहे.

[9:33] विद्या 904: माझ्याबद्दल असेल तर नाव घेऊन बोला. मी फक्त मूठभर ज्वारी टाकते.

[9:34] दीपक 805: दादरचा कबुतरखाना 2025 मध्ये पालिकेने ताडपत्री लावून बंद केला, तिथली निम्मी आपल्याकडे आली असं वाटतं.

[9:36] विद्या 904: मुक्या जिवाला दाणे टाकले तर घाण आणि मांजरीला पिसं नाचवली की प्रेम. छान.

[9:37] सेक्रेटरी 501: कृपया.

[10:02] डॉ. मेघना 702: मधल्या पेशंटमध्ये परत आलेय, अजून महत्त्वाचं राहिलं. राखीपौर्णिमा झालीय, राख्या टेबलावर, ड्रेसिंगवर पडलेल्या असतील तर आधी उचला. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, रेशीम तोंडात गेलं की तिला थुंकता येत नाही, गिळतच जाते, आणि आतडी गोळा होतात. मग ऑपरेशन. गजऱ्याचा दोरा, शिवणाचा दोरा, रबरबँड सगळं आलं यात. आणि फुलदाणीत लिली ठेवू नकोस, मांजराच्या किडन्या जातात. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामोल कधीच द्यायची नाही, जीव जातो. रात्री-अपरात्री काही झालं आणि माझा फोन लागला नाही तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच आपल्या जवळ.

[10:08] अनघा 1103: बापरे, राख्या तिथेच होत्या. ह्याला फोन करून उचलायला लावल्या.

[10:15] नंदा काकू 1003: अनघा, तुझ्याकडे माळा आहे ना बेडरूमला? आमच्यासारखाच असणार. मांजराला उंच जागा आवडते. माझ्या माहेरचं कपाटावर जाऊन बसायचं, तासन्‌तास हलायचं नाही. फ्रिजवरून कपाट, कपाटावरून माळा असं जायला दोन फळ्या मारून घे. जमिनीवर कमी धावेल. आणि हॉलमध्ये जाड सतरंजी टाक, लगेच आजच्या आज.

[10:17] डॉ. मेघना 702: काकू एकदम बरोबर. छोट्या घरात जमीन वाढवता येत नाही, भिंती वापरायच्या. माळ्यावर एक रिकामा खोका पण ठेव, एक बाजू उघडी. नेदरलँड्समध्ये 2014 मध्ये निवाऱ्यातल्या नव्या मांजरांवर बघितलं होतं, लपायला खोका मिळालेली लवकर रुळली.

[10:20] नंदा काकू 1003: ह्यांच्या औषधांचे खोके आहेत आमच्याकडे. संध्याकाळी घेऊन जा. चहाला थांबायचं असेल तर थांब, नसेल तर दारातून घे.

[10:24] अनघा 1103: थांबेन काकू. सतरंजी येताना घेऊन येते. सुतार रविवारी येतोय फळ्यांना.

[10:26] सेक्रेटरी 501: रविवारी ड्रिलिंगला परवानगी नाही. शनिवारी 11 ते 1.

[10:27] प्रकाश काका 304: मला काय, पण खाली सोडली असती तर सुताराचे पैसे वाचले असते.

[10:31] नंदा काकू 1003: प्रकाश भावजी, पुरे आता. अनघा, शनिवारी चालेल, 11 ला मी ह्यांना घेऊन गार्डनमध्ये जाईन. सुताराला सांग 1 च्या आत आटप, ह्यांची गोळी असते.