मायवानच्या भिंतीत केबलचा नवा पॉइंट काढता येतो का?

चौदावा_मजला
आमचा टू बीएचके कासारवडवलीत, बिल्डिंग मायवानची (विटा नाहीत, भिंतीही काँक्रीटच्या). सासूबाई साताऱ्याहून कायमच्या राहायला आल्यात, त्यांच्या खोलीत टीव्ही लावायचाय. हॉलमध्ये संध्याकाळी मुलांचं क्रिकेट आणि सासूबाईंची मालिका एकाच वेळेला, रोजची कटकट. बिल्डरने टीव्हीचा पॉइंट फक्त हॉलमध्ये दिलाय. परवा इलेक्ट्रिशियन आला, म्हणे "झिरी मारतो (म्हणजे भिंतीत लांब खाच), पाइप टाकतो, तासाभरात मोकळा." मी म्हटलं, आधी एक भोक पाडून तर बघ. इंचभर गेला नाही तोच ड्रिल खण्णकन लोखंडावर! माझ्या पोटात गोळाच आला. आता भिंतीत भोक आहे, आत सळई दिसतेय, आणि खालच्या काकूंचा फोनही येऊन गेलाय. (दोन ते चार ठोकाठोक बंद अशी नोटीस लिफ्टमध्ये लावलीय. मी ती रोज वाचते. तरी अडीचला ड्रिल. असो.)
नुकताच रंग दिलाय, त्यामुळे बाहेरून वायरची पट्टी नको. आतून काही मार्ग आहे का?

नेरूळवाला
ताई, एवढं काय घाबरायचं? आम्ही मागच्या वर्षी दोन झिऱ्या मारल्या, वरून सिमेंट, पुट्टी, काम फत्ते. सळई लागली तर चार इंच बाजूला घ्या.

साइटवरचे_काका
नेरूळवाले, तुमचं घर सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये असणार. तिथे कॉलम-बीमच्या मधली भिंत विटांची असते, झिरी चालते. मायवानमध्ये ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. म्हणजे भिंत हीच कॉलम. वरच्या मजल्यांचा भार तिच्यावर, आणि सळईची जाळी आत सगळीकडे. चार इंच बाजूला गेलात तरी तीच जाळी भेटणार. ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका. सोसायटीही परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.
पण अशा बिल्डिंगमध्ये वायरिंगचे पाइप काँक्रीट ओतायच्या आधीच जाळीला बांधलेले असतात. तेव्हा नवा पाइप टाकायचा विचार सोडा, रिकामा पाइप शोधा. दोन गोष्टी सांगा. केबल आहे की छत्री (डिश)? आणि सासूबाईंच्या खोलीत लँडलाइनचा पॉइंट दिलाय का?

चौदावा_मजला
केबल आहे, छत्री नाही. लँडलाइनचा पॉइंट... थांबा, कपाट सरकवून बघते.
आहे! कपाटामागे, झाकणावर सहा वर्षांची धूळ. आम्ही लँडलाइन घेतलीच नाही कधी.

डोंबिवली_फास्ट
वायरच कशाला? स्मार्ट टीव्ही घ्या, वायफायवर सगळं दिसतं.

चौदावा_मजला
दादा, आमच्या आईंना चॅनेलचे नंबर पाठ आहेत. ॲप उघडून मालिका शोधा असं त्यांना तुम्हीच येऊन सांगा.

साइटवरचे_काका
मग काम सोपं आहे. टेलिफोनचे पाइप बहुधा मुख्य दाराजवळच्या बॉक्समध्ये येतात, टीव्हीचाही तिथेच सापडेल. तिथे टू-वे स्प्लिटर (एका केबलचे दोन फाटे करणारा) लावा, एक फाटा हॉलला, दुसरा टेलिफोनच्या पाइपातून सासूबाईंच्या खोलीत. त्यात सिग्नल निम्मा होतो, साधारण साडेतीन डेसिबल जातात. चित्र फुटलं तर केबलवाल्याला सिग्नल वाढवायला सांगा. सेट-टॉप बॉक्स मात्र दुसरा घ्यावा लागेल. (छत्री असती तर हा स्प्लिटर चालला नसता. छत्रीच्या एलएनबीला (तिच्यासमोरचा सिग्नल पकडणारा डबा) प्रत्येक बॉक्स १३ नाहीतर १८ व्होल्ट पाठवून हवा तो सिग्नल मागतो, दोन बॉक्स एकाच वायरवर भांडत बसतात.) वायर आरजी-६ (टीव्हीची गोल केबल) घ्या. लाइटच्या पाइपातून ओढू नका, भले त्यात जागा दिसो.
आणि ते भोक पीओपीने बुजवू नका. पीओपी ओल धरतं, सळई गंजते. सिमेंटचाच माल भरा.

चौदावा_मजला
काका, झालं! बॉक्स बुटांच्या कपाटाच्या वर निघाला, रंगाऱ्याने त्यावरूनच रंग फासला होता. मेलेली टेलिफोनची वायर आम्ही फेकून देणार होतो, इलेक्ट्रिशियनने तिच्याच टोकाला नवी केबल बांधली, वर चिकटपट्टी निमुळती गुंडाळली, आणि एकाने इकडून ढकलायची, दुसऱ्याने तिकडून ओढायची. मधल्या वळणावर अडकली. तेव्हा सासूबाई आतून टाल्कम पावडरचा डबा घेऊन आल्या. "बांगडी अडकली की काय करतो आपण?" डबा अर्धा संपला, पण केबल सरकली. टेलिफोनचं झाकण काढून तिथेच टीव्हीचा सॉकेट बसवला. इलेक्ट्रिशियनने मजुरी पाचशे घेतली आणि झिरीचा विषय पुन्हा काढला नाही.
एक राहिलंय: भोकात सिमेंट भरलंय, पुट्टी कधी मारू?

साइटवरचे_काका
चार-पाच दिवस पाणी मारा, मग पूर्ण वाळू द्या. आणि दुपारी दोन ते चार घासकाम नको.